पिल्लू सापडलंय? आधी हात मागे घ्या

उन्हाळा सुरू झाला की पाऊस सरेपर्यंत आपल्याकडे बहुतेक पक्ष्यांची वीण चालू असते. या दिवसांत ताप, जुलाब, खोकला यांच्या फोनांबरोबर मला हमखास आणखी एक फोन येतो. "डॉक्टर, अंगणात पक्ष्याचं पिल्लू सापडलंय. आई नाही त्याला. काय पाजू?" मी माणसांचा डॉक्टर, पशुवैद्य नाही, हे समोरच्याला ठाऊक असतं. तरी फोन येतो, आणि मला त्याचं बरंच वाटतं. माझं उत्तर मात्र फारसं कुणाला आवडत नाही. काही पाजू नका, आणि शक्यतो उचलूही नका.

मुळात ते पिल्लू अनाथ आहे हे आपण कशावरून ठरवतो? जवळ आई दिसत नाही, एवढ्यावरून. पण बुलबुलाचं किंवा चिमणीचं पिल्लू साधारण दोन आठवड्यांत घरट्याबाहेर पडतं आणि त्या वेळी त्याला नीट उडता येत नसतं. शेपूट आखूड, अंगावर पिसं, टुणटुण उड्या मारत झुडपाखाली बसणार आणि ओरडणार. आई-बाप चोचीत किडे घेऊन जवळच्या फांदीवर थांबलेले असतात. खाली का येत नाहीत? कारण पिल्लाभोवती आपण चार माणसं मोबाईल घेऊन उभी असतो! म्हणजे तुम्ही ज्याला अनाथ समजून घरात आणता, ते बहुतेक वेळा तुम्ही उचलल्यामुळेच अनाथ होतं.

आम्हा डॉक्टरांच्या कामात 'थांबा आणि लक्ष ठेवा' हा एक रीतसर उपचार आहे. पहिल्याच दिवशी साध्या सर्दी-तापाला अँटिबायोटिक न देता दोन दिवस पाहणं, हे काही न करणं नव्हे. पण रुग्णाला वाटतं, डॉक्टरांनी काहीच दिलं नाही. पिल्लाच्या बाबतीतही माझं स्पष्ट मत आहे की आपल्याला त्याच्या जिवापेक्षा स्वतःच्या मनाची बेचैनी घालवायची घाई जास्त असते. काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही. मांजर-कुत्र्याला आत बांधा, मुलांना खिडकीत बसवा आणि लांबून तास-दोन तास नुसतं बघा. पिल्लू अगदी रस्त्यात असेल तर जवळच्या झुडपात सरकवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खोटा आहे. कोकिळेचं पिल्लू आपलं समजून भरवणारी कावळीण तुम्ही पाहिली असेल. पक्षी भरवतात ते मुख्यतः पिल्लाची वासलेली चोच बघून आणि त्याचं ओरडणं ऐकून.

आता पाजण्याबद्दल. ड्रॉपरने पाणी आणि कापसाच्या बोळ्याने दूध, हे दोन उपाय सगळ्यांच्या हाताशी असतात आणि दोन्ही घातक आहेत. आपण गिळतो तेव्हा श्वासनलिकेवर एक झाकण येतं. तरीसुद्धा बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, असं आम्ही नेहमी सांगतो, कारण ते फुप्फुसात जातं. पक्ष्याला असं झाकण नसतं. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच उघडं असतं. वरून थेंब सोडला की तो सरळ तिथे जाऊ शकतो, आणि मग पिल्लू भुकेने नाही, गुदमरून मरतं. दुधातली साखर पचवण्याची सोय सस्तन प्राण्यांच्या पिल्लांकडे असते, पक्ष्यांकडे नाही. दुधात भिजवलेला पाव म्हणजे जुलाबाला आमंत्रण. (कबुतरं पिल्लांना जे 'दूध' देतात, ते त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होतं. आपल्या दुधाशी त्याचा नावापुरता संबंध.) घरातली मुलांची औषधंही देऊ नका. "अर्धा थेंब देऊ का?" असं मला विचारतात. नको.

कधी मात्र हात लावावाच लागतो. अंगावर पिसं नाहीत, डोळे मिटलेले आहेत, असं पिल्लू घरट्यातून पडलेलं असतं. घरटं सापडलं तर त्यात परत ठेवा. घरटं मोडलं असेल तर छोट्या टोपलीत सुकं गवत घालून ती त्याच झाडाला बांधा आणि दूर व्हा. पण रक्त येत असेल, पंख लोंबत असेल, अंग गार पडलं असेल, किंवा मांजराने तोंडात धरलं असेल, तर वाट बघत बसू नका. मांजराच्या दाताची जखम टाचणीएवढी दिसली तरी त्यातून गेलेले जंतू दोन-तीन दिवसांत पिल्लाचा जीव घेऊ शकतात. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत सुती फडकं, एका कडेला कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, वरून झाकण, अंधार आणि शांतता. एवढं करा आणि पशुवैद्य किंवा पक्षी वाचवणाऱ्या संस्थेकडे न्या. महाराष्ट्रात वन विभागाचा 1926 हा टोल फ्री क्रमांक आहे.

"आम्हीच वाढवू" असं म्हणू नका. लहान पिल्लाला दिवसभर दर अर्ध्या तासाने, कधी त्याहून लवकर, किडे भरवावे लागतात. माणसाच्या हातावर वाढलेलं पाखरू पुढे माणसालाच आपलं समजू लागतं आणि मांजराला भीत नाही. जन्मल्यावर दिसेल त्याला आई मानण्याच्या हंसांच्या वागण्यावर काम करणारे कॉनराड लोरेन्झ यांना 1973 साली नोबेल मिळालं, आणि तेही वैद्यकशास्त्राचं. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानपक्षी घरी पाळणं गुन्हा आहे. त्यात पोपटही आला.

शेवटी माझ्या खात्याचं. शहरात पिल्लू सापडतं ते बहुधा कबुतराचं. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली, तर काही जणांच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते, आणि ती चालू राहिली की फुप्फुसं कायमची आक्रसतात. बाल्कनी कोरडी झाडू नका. आधी पाणी मारा, मास्क लावा. दमेकऱ्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं. पिल्लाला हात लागला तर साबणाने हात धुवा, लहान मुलांचे तर नक्कीच. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि कोरडा खोकला आला, तर घरात पक्षी होता हे डॉक्टरांना आपणहून सांगा. पोपटांकडून येणारा एक न्यूमोनिया योग्य औषधाने चांगला बरा होतो, पण आधी तो सुचायला हवा. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले दिसले तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा.

आणि रेबीजचं. पिल्लाने चोच मारली म्हणून रेबीजची इंजेक्शनं लागत नाहीत. तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे. जखम धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते बघा. पण पिल्लू सोडवताना मांजराने ओरबाडलं असेल तर गोष्ट वेगळी. ओरखडा बारीक असला, मांजर शेजारचंच असलं, तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पिल्लू खोक्यात थोडा वेळ थांबू शकतं.