घरगुती राहण्याची सोय

दर दिवाळीनंतर आमच्या ग्रुपमध्ये एकच वाद सुरू होतो. तारीख ठरते, गाड्या ठरतात, कोण कोणाला मुलुंड चेकनाक्यावर उचलणार तेही ठरतं. आणि मग सगळं अडतं ते "राहायचं कुठे?" यावर. निम्मे म्हणतात हॉटेल, निम्मे म्हणतात कोणाच्या तरी घरी. मागच्या खेपेला एकाने तर चक्क एक्सेल शीट बनवलं. भाडं, एसी, गिझर, वायफाय, नाश्ता... प्रत्येक कॉलमला वेटेज! इंजिनियर लोकांचं हे असंच असतं. शीटमध्ये हॉटेल जिंकलं. आम्ही राहिलो दिवेआगरला एका घरी, कारण हॉटेल फुल होतं. :-)

तर आजचा विषय तोच.

'बेड अँड ब्रेकफास्ट' म्हटलं की आपल्याला काहीतरी परदेशी वाटतं. २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोत एअरबीएनबी सुरू झाली तेव्हा तिच्या नावातच 'एअरबेड अँड ब्रेकफास्ट' होतं. पण कोकणात "घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय" अशा पाट्या त्याच्या आधीपासून लागलेल्या आहेत. सरकारी भाषेत याला 'निवास व न्याहारी' म्हणतात. केंद्राच्या योजनेत तर नियमच आहे की मालक स्वतः त्याच घरात राहत असला पाहिजे आणि भाड्याच्या खोल्या जास्तीत जास्त सहा. मला हा नियम फार आवडतो. घर आणि हॉटेल यातला फरक त्यात नेमका आलाय.

दिवेआगरचंच बघा. १९९७ साली तिथे एका वाडीत तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि दर्शनाला गर्दी सुरू झाली. आलेल्या लोकांना उतरायला जागा हवी, मग नारळी-पोफळीच्या वाड्यांतल्या घरांनी मागच्यापुढच्या खोल्या रिकाम्या केल्या. मार्च २०१२ मध्ये तो मुखवटा चोरीला गेला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला. नंतर ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. तोपर्यंत घर चालणार कशावर? पाहुण्यांच्या खोल्यांवर. मुखवटा २०२१ मध्ये परत मंदिरात आला, पण झाडं काही एका दिवसात परत येत नाहीत.

हे सगळं मला आधी माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि लक्षात असणं वेगळं.

आम्ही आठला पोचतो असं सांगून रात्री अकराला पोचलो. गोवा हायवेबद्दल काही बोलत नाही, तुम्हाला माहितीये. काकू जाग्या होत्या. सकाळीच त्यांनी फोनवर "किती पानं?" विचारून ठेवलं होतं, म्हणजे जेवण मोजून केलेलं. त्यांनी आमटी परत गरम केली, वालाचं बिरडं वाढलं, मोदक थंड झाले म्हणून स्वतःच चुकचुकल्या. आम्ही मात्र वायफायचा पासवर्ड विचारला. सोमवारी आमच्यातल्याच एकाने रिव्ह्यू टाकला. दोन स्टार. "रूम सर्व्हिस नाही. नाश्त्याला चॉइस नाही." आणि मी त्यावर हसणारी स्मायली टाकली. टाकली, खोटं कशाला बोलू?

दोन दिवसांनी सहज हिशोब केला. दीडशे खोल्यांच्या हॉटेलला हजारभर रिव्ह्यू असतात, त्यात एक दोन स्टारवाला कुठे दिसतोय? चार खोल्यांच्या घराला असतात वीस-पंचवीस. तिथे एका रिव्ह्यूने सरासरी दिसण्याइतकी खाली येते, आणि सर्चमध्ये आपण सगळे 'चारच्या वर' हाच फिल्टर लावतो. म्हणजे नाश्त्याला पोह्यांऐवजी ऑम्लेट मिळालं नाही, याची किंमत कोणाच्या तरी सीझनने मोजायची.

आता दुसरी बाजू, कारण मी घरगुतीचा प्रचारक नाही. एकदा अशाच एका गावात एका मित्राने फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न आला, "आडनाव काय?" त्याने सांगितलं. मग कळलं की खोल्या शिल्लक नाहीत. दहा मिनिटांनी मी माझ्या आडनावाने फोन केला, तर खोल्या होत्या. आम्ही दोघंही नंतर त्यावर बोललो नाही, पण तो आता फक्त हॉटेलातच उतरतो आणि मी त्याच्याशी वाद घालत नाही. हॉटेलचा काउंटर कोरडा असतो, पण तो ओळखपत्र बघतो आणि किल्ली देतो. कधीकधी तो कोरडेपणाच माणसाला हवा असतो. 'फक्त फॅमिली'वाल्या पाट्यांचंही तेच. घराचे नियम असू शकतात: मांसाहार नको, दारू नको, दहानंतर दंगा नको. पण ते नियम सगळ्यांना सारखे हवेत आणि आधी सांगितलेले हवेत. माणूस बघून बदलतो तो नियम नव्हे.

त्यामुळे माझं मत असं झालंय. रात्री-अपरात्री पोचणार असाल, ऑन-कॉल असाल, आजी-आजोबांना जिने चढवणार नसतील किंवा नुसतं झोपून राहायचं असेल, तर सरळ हॉटेल घ्या. त्यात कमीपणा काही नाही. पण घरी उतरायचं ठरवलंत, तर स्वस्त हॉटेल म्हणून उतरू नका. कोणाच्या तरी घरात चाललोय हे डोक्यात ठेवा. उशीर होणार असेल तर माणगावलाच थांबून फोन करा. जेवणार नसाल तर पानं कमी करा. आपण हॉटेलच्या फुटपट्टीने घरं मोजत राहिलो, तर दहा वर्षांनी तिथे घरं उरणारच नाहीत, वाडी तोडून बांधलेली वाईट हॉटेलं तेवढी उरतील.

मित्राने रिव्ह्यू बदलला नाही. मी माझा वेगळा लिहिला, त्यात आम्ही तीन तास उशिरा पोचलो हेही लिहिलं. स्मायली काढली.

असो. जानेवारीत परत जायचं चाललंय. शीट या वेळी मी बनवतोय. कॉलम एकच आहे: आपण किती वाजता पोचणार?