डोक्यावरची दुबार लावणी

मागच्या महिन्यात रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात चौघे जण बोलत उभे होते. विषय होता आमच्याच धर्मग्रामातील एका तरुणाचा. वय सत्तावीस, घरचे भात आणि ऊस, लग्नाचे बघणे चालू आणि डोक्यावरचे केस मागे सरकलेले. तो केस लावून घ्यायला शहरात जाणार म्हणून चर्चा. एक थोरले गृहस्थ म्हणाले, "देवानं दिलेलं डोकं पुरत नाही होय? हा गर्व झाला." दुसरे म्हणाले, "अवो मामा, आता दाढी करण्याइतकं सोपं झालंय ते. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी."

मला दोघांचेही पटले नाही. पण माझ्या डोक्यावर दोनदा लावणी झालेली आहे हे चौघांनाही ठाऊक, त्यामुळे तिथे तोंड उघडायला जीव धजेना. म्हणून या पानाचा आधार घेतो. शेती व आरोग्याच्या पानावर केसांचे काय काम, असे कुणी विचारील. खत कोणते घालावे हे आपण इथे वाचतो, तसे पैसे आणि कातडी कुठे घालू नये हेही वाचावयास हरकत नसावी.

गर्वाचे आधी सांगतो. जुन्या करारात अलीशा संदेष्ट्याला पोरांनी टकलावरून चिडवले, ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. चिडवणे तेव्हाही होते, आताही आहे. तरुण पोराला ते लागते. त्याला लाज वाटली म्हणून तो पापी ठरत नाही. माझी तक्रार निराळी आहे. आपण भाताची लावणी करताना जेवढा हिशेब करतो, त्याच्या चौथाईनेही हिशेब डोक्याच्या लावणीत करीत नाही.

मी सत्तावीस वर्षांचा असताना, २०१२ साली, पहिल्यांदा केस लावले. तीन ठिकाणी नकार आला होता, मुलगा वयाने मोठा दिसतो म्हणून. एका शहरातील क्लिनिकमध्ये गेलो. तिथे बिल पुंजक्यांवर होते. जितके पुंजके लावायचे तितके पैसे. मला विचारले, पुढची रेषा कुठवर हवी? मी शाळेतला फोटो दाखवला. त्यांनी तिथवर रेघ ओढली आणि बावीसशे पुंजके लावले. पैसे कुठून आणले, तर सोसायटीतून काढलेले पीककर्ज आणि आईच्या पाटल्या गहाण. गंमत अशी की लग्न ठरले ते दोन महिन्यांनी, जेव्हा लावलेले सगळे केस गळून डोके जाळलेल्या शेतासारखे झाले होते. बायकोने त्याकडे पाहिलेही नाही म्हणते. पाटल्या सुटायला मात्र तीन सुग्या गेल्या.

आता ही लावणी चालते कशी, ते समजून घ्या, म्हणजे पुढचे ध्यानात येईल. पुरुषांचे टक्कल बहुधा आनुवंशिक असते, आणि शरीरातील पुरुषी संप्रेरकामुळे समोरचे व टाळूचे केस वर्षागणिक बारीक होत जातात. कानांच्या वर आणि मानेच्या बाजूचा पट्टा त्यातून वाचतो. न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेंट्रिच यांनी १९५९ साली दाखवून दिले की, मागचा केस मुळासकट काढून पुढे लावला तरी तो आपल्या मूळ जागेचा गुण सोडत नाही, तिथेही टिकून राहतो. त्यांच्याआधी जपानमध्ये ओकुदा या डॉक्टरांनी १९३९ सालीच अशा लावणीवर लिहिले होते. आज एकेक पुंजका सुटा काढतात किंवा कातडीची पट्टी काढून ती पुंजक्यांत सोडवतात. एका पुंजक्यात एक ते चार केस असतात.

म्हणजे मागचा पट्टा हा आपला तरवा झाला. पण भाताचा तरवा आणि हा तरवा यांत एक मोठा फरक आहे, आणि तो मला पहिल्या वेळी कुणीच सांगितला नाही. भाताचे बी पुन्हा टाकता येते. इथे उपटलेल्या जागी पुन्हा काही उगवत नाही. साधारण माणसाच्या मागच्या पट्ट्यातून जन्मभरात पाच-सहा हजार पुंजके काढता येतात, कुणाचे कमी, कुणाचे जास्त. त्याहून अधिक काढले तर मागची बाजू किडीने खाल्ल्यासारखी दिसते. उलट, टक्कल पूर्ण पडले तर उघडी जागा दोनशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास होते, आणि निरोगी डोक्यावर दर चौरस सेंटिमीटरला सत्तरच्या वर पुंजके असतात. गुणाकार करून पाहा. तरवा थोडका आणि चिखल केलाय मोठ्या रानाचा. कोणताही डॉक्टर हे शेत दाट लावू शकत नाही. विरळ, पण शोभेल अशा जागी लावणे एवढेच त्याच्या हाती असते.

सत्तावीस वर्षांच्या पोराचे टक्कल कुठवर जाणार हे कुणाला ठाऊक नसते. माझे पुढचे लावलेले केस उभे राहिले, आणि त्यांच्यामागचे माझे स्वतःचे केस पाच-सहा वर्षांत गेले. पुढे केसांची ओळ आणि मागे उजाड रान. मुलांनी नाव ठेवले 'बांधावरचं गवत'. खरे सांगतो, साधे टक्कल याहून बरे दिसले असते. दुसऱ्यांदा जावे लागले ते याच कारणाने. हौस म्हणून नव्हे, आधीची चूक झाकायला.

२०२१ साली मी प्रथम सिव्हिल हॉस्पिटलात त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न केला, "गोळी, औषध काय घेता?" काहीच नाही. त्यांनी सांगितले की लावलेले केस टिकतात, पण उरलेले केस राखावयाचे तर औषध लागते. मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावण्याचे औषध, अमेरिकेत १९८८ साली मान्य झाले. फिनास्टेराइडची गोळी १९९७ साली. दोन्ही चालू ठेवावी लागतात, सोडली की राखलेले केस जातात. गोळीने काही पुरुषांना वैवाहिक संबंधात त्रास होतो, काहींचे मन उदास होते. गरोदर बाईने फुटकी गोळी हातातही घेऊ नये, पोटातल्या मुलग्याला अपाय होतो. तेव्हा मेडिकलमधून परस्पर आणण्याचे हे औषध नव्हे. डॉक्टरांनी एक वर्ष औषध देऊन वाट पाहिली. गळती थांबली आहे असे दिसल्यावरच पुढची चिठ्ठी दिली.

दुसरी शस्त्रक्रिया २०२३ च्या फेब्रुवारीत झाली. मळणी उरकलेली, उसाचे बिल हाती आलेले. या वेळी डॉक्टरांनी आधी भिंगातून मागचा पट्टा मोजला, आणि म्हणाले, "चौदाशे काढतो. समोरच्या ओळीमागची मोकळी जागा भरतो. भोवऱ्याला हात लावणार नाही." मी म्हटले, थोडे भोवऱ्यावरही टाका की. म्हणाले, "तिथे टाकले तर पुढे पुरणार नाहीत, आणि भोवऱ्याभोवती आणखी गळले तर मध्ये बेट उरेल." नांग्या भरण्याचे काम आहे, नवी लावणी नव्हे, हे मी तिथे समजलो.

सकाळी आठला पालथे निजवले. सुयांचा त्रास सर्वांत मोठा, आणि दुसऱ्या वेळी तो जास्त झाला. मागची कातडी पहिल्या वणांमुळे घट्ट झालेली, औषध लवकर पसरेना. पुंजके काढतानाही काही तुटले. डॉक्टर स्पष्टच म्हणाले की वण पडलेल्या जमिनीत तुटफूट अधिक होते. पुढेही जुन्या केसांच्या मुळांना धक्का न लावता मधल्या फटीत छिद्रे पाडावयाची, म्हणून काम सावकाश. संध्याकाळी पाचला उठलो. तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज उतरून डोळे बारीक झाले. दहा दिवसांत खपल्या गेल्या. तीन आठवड्यांनी केस गळू लागले. पहिल्या वेळी या गळतीने मी रडलो होतो. हे गळणे ठरलेलेच असते, मूळ आत राहते, तीन-चार महिन्यांनी कोंब येतो आणि खरा निकाल बारा महिन्यांनी दिसतो. म्हणूनच वर्ष झाल्याखेरीज दुसऱ्या लावणीचा विचारही करू नये. सहा महिन्यांत "अजून थोडे घाला" म्हणणारा गिऱ्हाईक बघतो, रोगी बघत नाही. मागच्या बाजूची बधिरता माझी आठ महिने राहिली.

आपल्या कामाच्या माणसाला आणखी एक अडचण. मला डॉक्टरांनी महिनाभर डोक्यावर भारा, पाटी, घागर काही घेऊ नये म्हणून बजावले होते. धूळ नको, घाम नको, कडक ऊन नको. घरात दुसरा गडी नसेल तर हे पाळणार कसे? सुगीच्या तोंडावर किंवा रोप लावणीत जो हे करील तो कामही घालवील आणि केसही. विडी-सिगारेट ओढणाऱ्याची जखम उशिरा भरते, तीही आधी सोडली पाहिजे. साखर, रक्तदाब, रक्त पातळ होण्याची गोळी, यांपैकी काही असेल तर लपवू नये.

आणि करणारा कोण, हे विचारण्यात संकोच नको. केस कापण्याच्या सलूनच्या वरच्या मजल्यावरही आता ही दुकाने निघाली आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावले की यूट्यूब किंवा कार्यशाळा पाहून ही शस्त्रक्रिया करण्याइतके शिक्षण होत नाही. रीतसर शिकलेला प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ हवा. भुलीच्या औषधाला वजनावर ठरलेली मात्रा असते. ती ओलांडली तर झटके येतात, हृदय बंद पडू शकते. कानपूरमध्ये केस लावून घेतल्यावर एक इंजिनियर मार्च २०२५ मध्ये दगावले आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. "सकाळी जायचं, संध्याकाळी घरी" म्हणणाऱ्या आमच्या मित्राने हे ध्यानात घ्यावे.

शिवाय प्रत्येक गळती टकलाची नसते. मोठ्या तापानंतर, बाळंतपणानंतर, रक्त कमी असल्यास, थायरॉइड बिघडल्यास केस गळतात आणि कारण दूर झाले की बहुधा परत येतात. चाई पडली असेल तर तिचा उपचार वेगळा. अशा डोक्यावर लावणी करणे म्हणजे पाणी साचून पिवळ्या पडलेल्या पिकाला नवे बी आणण्यासारखे आहे.

माझे आता कसे दिसते, तर बरे दिसते. दाट नाही. भोवरा उघडा आहे आणि टोपी काढली की दिसतो. मागे अंदाजे पंधराशे पुंजके शिल्लक आहेत असे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले. तो कागद मी जमिनीच्या उताऱ्यांबरोबर ठेवला आहे.

त्या तरुणाला मी परवा घरी बोलावले. त्याची आई आणि मामाही आले होते. पीककर्जाचा पैसा यात घालायचा नाही एवढे मामांनी त्याच्याकडून कबूल करून घेतले. पहिल्या क्लिनिकला त्याने पाच हजार आगाऊ दिले होते, ते परत मिळणार नाहीत बहुधा. पुढच्या सोमवारी तो सिव्हिलमध्ये दाखवायला जाणार आहे, मी सोबत जातो आहे.