हट्टी कोण — कुत्रा कीं धनी ?

“आमचा कुत्रा फार हट्टी, कितीही हांका मारा, येतच नाहीं,” ही तक्रार आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत, शहरांत काय आणि खेड्यांत काय, नेहमीं कानीं पडते. तक्रार करणाराच्या हातीं बहुधा काठी असते, आणि कुत्रा चार हात दूर उभा राहून त्या काठीकडे पाहत असतो. प्रस्तुत लेखकाचें मत असें आहे कीं, या हट्टाचा उगम बहुतेक प्रसंगीं कुत्र्याच्या स्वभावांत नसून धन्याच्या वर्तनांत असतो.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हे. मलकापूर-चिखली रस्त्यावरून मोटारी सारख्या धांवत असतात. ज्ञानगंगा अभयारण्यांत बिबट्यांचा वास आहे, आणि कुत्रा हें बिबट्याचें आवडतें भक्ष्य होय. अशा मुलुखांत एका हांकेसरशीं मागें फिरणारा कुत्रा वांचतो. न फिरणारा एखादे दिवशीं प्राणास मुकतो.

कुत्र्यास आळशी म्हणण्यापूर्वीं तो समर्थ आहे कीं नाहीं हें पाहावें. त्याच्या अंगास मनुष्याप्रमाणें घाम येत नाहीं. तोंडानें धापा टाकूनच तो आपलें अंग निववितो. वैशाखांतील दुपारीं तो सावली सोडीत नसेल, तर तो हट्ट नव्हे, शहाणपण होय. गोचिडांच्या तापानें तो मलूल होतो. म्हातारपणीं त्यास ऐकूं येईनासें होतें. अशा वेळीं शिक्षकापेक्षां जनावरांच्या डॉक्टरांचीच अधिक गरज असते.

दुसरी गोष्ट जातिस्वभावाची. ज्यांच्या नांवे पूर्वीं घोरपड्यांचें मराठी संस्थान होतें, त्या मुधोळचा शिकारी कुत्रा नजरेनें सावज हेरून वाऱ्यासारखा धांवतो. ससा दिसतांच त्यास धन्याची हांक जणूं ऐकूंच येत नाहीं, म्हणून त्यास कोणी हट्टी म्हणतात. परंतु त्याच जातीचे कुत्रे २०१६ सालीं मीरत येथील लष्करी केंद्रांत शिक्षणासाठीं घेण्यांत आले. मुंबई पोलिसांचा ‘झंजीर’ हा लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा पुण्यास शिकला, आणि १९९३ सालच्या बाँबस्फोटांच्या काळांत त्यानें ३,००० किलोंहून अधिक स्फोटक द्रव्य हुडकून दिलें. २००० सालीं तो वारला, तेव्हां त्यास सन्मानानें निरोप देण्यांत आला. वास हुडकणाऱ्या कुत्र्यांस हें काम दरडावून शिकवितां येत नाहीं. वास सांपडला कीं आवडतें खेळणें किंवा खाऊ मिळतो, हें त्यांच्या मनावर बिंबवावें लागतें.

घरच्या कुत्र्यासही हाच नियम लागूं आहे. सर्व घरानें हांकेचा एकच शब्द ठरवावा. वडिलांनीं “ये”, मुलानें “इकडे” आणि आजीनें “यू यू” म्हटल्यास बिचाऱ्यानें कोणतें खरें मानावें? हांक एकदांच मारावी. दहादां मारल्यास पहिल्या नऊ हांका व्यर्थ असतात, एवढेंच तो शिकतो. प्रथम घरांत, मग अंगणांत, मग लांब दोरी बांधून शेतांत, अशा पायऱ्यांनीं पुढें जावें. जेवणापूर्वीं, भूक असतांना, पांच मिनिटांचा पाठ द्यावा, आणि तो येतांच त्याच क्षणीं भाकरीचा तुकडा व शाबासकी द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, हांकेस ओ देऊन आलेल्या कुत्र्यास कधींही मारूं नये, मग त्यानें येण्यापूर्वीं कितीही खोडी केलेली असो. आपण खोडीची शिक्षा देतों. त्यास मात्र ती येण्याचीच शिक्षा वाटते.

कोणी म्हणतील, अशानें कुत्रा लांचखाऊ होईल. परंतु लांच कामाआधीं दाखवितात. मजुरी काम झाल्यावर देतात. संवय जडली म्हणजे तुकडा कधीं द्यावा, कधीं देऊं नये. आशेनें तो येतच राहतो. उलट काठीच्या भीतीनें आलेला कुत्रा काठीचा पल्ला सुटतांच पसार होतो. शिवाय जनावरास मारहाण करून यातना देणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हाही आहे.

विद्यार्थिमित्रहो, हें काम तुमच्याच हातून उत्तम होईल, कारण कुत्र्याबरोबर खेळण्यास तुम्हांस वेळ आहे. पालकांस एवढीच विनंति कीं, मुलगा पाठ देत असतां मध्येंच दुसरा हुकूम सोडूं नये. आज एक आणि उद्यां दुसरें सांगणाऱ्या घरांत कुत्रा काय किंवा मूल काय, कोणाचेंच कान स्थिर राहत नाहींत. महिनाभर एक शब्द, एक रीत आणि शांत आवाज एवढें पाळून पाहावें. मग हट्टी कोण होता, याचा निवाडा ज्याचा त्यानेंच करावा.