गवंड्याच्या नावाने जमा झालेला पैसा

बांधकाम व्यवसाय हा देशाच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे, हे भाषण दर अर्थसंकल्पाला ऐकू येते. कणा आहेच. 2022-23 च्या सरकारी श्रमबल पाहणीत देशातल्या दर 100 कामकऱ्यांपैकी सुमारे 13 जण बांधकामावर होते; शेतीनंतर एवढी माणसे दुसऱ्या कुठल्याच धंद्यात नव्हती. आमच्या बेळगाव-खानापूर भागात हे सांगायला पाहणी लागत नाही. सुगी सरली की गवंडी, बिगारी, सेंटरिंगवाले गोव्याची नाहीतर कोल्हापूर-पुण्याची बस धरतात.

आमचा सवाल असा, की या माणसांच्या नावाने जमा झालेल्या पैशाचे काय झाले?

1996 च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर बसला. तो कामगाराच्या अपघातासाठी, आजारपणासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, म्हातारपणासाठी. सर्वोच्च न्यायालयानेच मार्च 2018 मध्ये हिशेब मांडला. जमा 37,400 कोटींहून जास्त, खर्च सुमारे 9,500 कोटी. त्या खर्चातही लॅपटॉप आणि वॉशिंग मशीनची खरेदी निघाली! पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या बिगाऱ्याला अगोदर पाण्याचा नळ द्या, मग मशीनचे बघू.

21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. उपकर राहिला, नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याची अटही राहिली. परराज्यात गेलेल्या कामगाराला तिथल्या मंडळाने लाभ द्यावा, असेही संहितेत लिहिले आहे. म्हणजे खानापूरच्या गवंड्याची जबाबदारी मडगावात गोव्याच्या मंडळाची. कागद उत्तम आहे. पण आमच्याकडे नोंदणीचा अर्ज कन्नडात नाहीतर इंग्रजीत, आणि तो भरून देणारा एजंट आपले पैसे आधी मागतो. राज्यघटनेचे कलम 350 गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडण्याचा हक्क देते. मग कामगार खात्याने मराठी अर्ज छापायला एवढा संकोच का करावा? मराठी कागदपत्रांची आमची मागणी काही केवळ पाट्यांपुरती नाही.

आता घरचे बोलू. 90 दिवसांचा दाखला मागितला की हात आखडता घेणारे कंत्राटदार सगळेच परके नाहीत. त्यांतले कित्येक आपल्याच मोर्चात भगवा घेऊन पुढे चालतात, भाषेच्या अन्यायावर तावातावाने बोलतात आणि दुसऱ्या दिवशी स्लॅबवर चढवलेल्या पोराचे नाव हजेरीपटावर घालत नाहीत. पोरगा पडला तर कुटुंबाच्या हातात चार पैसे टेकवून मिटवामिटवी होते. नाव नोंदलेले नसल्याने मंडळाकडे मागायची सोयच उरत नाही.

तेव्हा सर्व गावांतल्या मंडळांना आमचे सांगणे आहे. येत्या गणेशोत्सवात मंडपाशेजारी एक टेबल टाका, दोन शिकलेली मुले बसवा, गावातल्या प्रत्येक बांधकाम कामगाराचा अर्ज भरून घ्या. आणि जो कंत्राटदार दाखल्यावर सही देणार नाही, त्याची वर्गणी घेऊ नका. मग ती कितीही मोठी असो.