पत्ते दप्तरात हवेत : दोघांची 'पानांची कुस्ती' आणि तिचे नियम



"बाई, तुम्ही पोरांस्नी शाळेत पत्ते खेळायला लावता व्हय?"

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली त्याच आठवड्यात एक आई वर्गाच्या दारात उभी राहून मला हे विचारत होती. आवाज चढलेला नव्हता. उलट खालचाच होता, आणि तेच मला जास्त लागलं. मी "हो" म्हणाले. पुढे काय झालं ते सांगतेच, पण त्याआधी मी वर्गात नेमकं काय खेळवते ते तुम्हाला कळायला हवं.

मी कोल्हापूरजवळच्या एका गावात पहिली-दुसरीला शिकवते. पत्त्यांच्या या खेळाला आमच्या वर्गात 'पानांची कुस्ती' म्हणतात. नाव मुलांनीच ठेवलं. साधी लढाई आहे ही, दोघांनी एकेक पान उलटायचं आणि मोठं पान जिंकणार. हा खेळ जगभर खेळला जातो. पण कोल्हापूर भागात दोघं समोरासमोर बसले की ती कुस्तीच होणार. ज्या पोरांनी खासबागेतली गर्दी बघितलीय, निदान गावच्या जत्रेतला फड बघितलाय, त्यांना सलामी, पंच, चितपट हे शब्द शिकवावे लागत नाहीत.

नियम असे. पत्त्यांचा एक कॅट घ्या. राजा, राणी, गुलाम आणि जोकर बाजूला काढा. राहिली ४० पानं. एक्का म्हणजे १. पानं पिसून २०-२० वाटायची. गठ्ठा उपडाच राहणार, हातात घेऊन पानं बघायची नाहीत. सलामी दिली की दोघांनी एकदम वरचं पान उलटायचं. ज्याचं पान मोठं त्याने आधी तोंडाने म्हणायचं, "आठ मोठे, पाच लहान", आणि मगच दोन्ही पानं उचलून आपल्या बाजूला ठेवायची. न बोलता उचललं तर ती पानं समोरच्याला. हा एक नियम अजिबात सोडू नका. खेळातलं गणित या एका वाक्यात आहे. बाकी सगळा हात चालवण्याचा भाग.

सारखी पानं आली, म्हणजे दोन्हीकडे सत्ती, तर 'कुस्ती लागली'. दोघांनी एकेक पान उपडं ठेवायचं आणि त्यावर एकेक उघडं. उघडं पान ज्याचं मोठं, त्याला सहाही पानं. परत सारखंच आलं तर परत तेच. आणि त्याआधी गठ्ठाच संपला तर कुस्ती बरोबरीत सुटली, ज्याची पानं त्याला परत. अशी कुस्ती एका डावात सरासरी एक-दोनदाच लागते, म्हणून ती लागली की वर्गात जो दंगा होतो तो शेजारच्या वर्गापर्यंत जातो. शेजारच्या सरांची आधीच माफी मागून ठेवा.

मूळ खेळात जिंकलेली पानं परत आपल्या गठ्ठ्याखाली सरकवतात आणि एकाकडे सगळी पानं येईपर्यंत खेळत राहतात. शाळेत हे चालत नाही. तास संपतो, डाव संपत नाही. म्हणून गठ्ठा एकदाच संपवायचा आणि मग मोजायचं. दहा-दहाचे गठ्ठे करून मोजायचं, सुटी पानं वेगळी. "माझी तेवीस आली." मग मी विचारते, त्याची न मोजता सांग. एकूण ४० आहेत हे मुलांना माहीत असतं. सुरुवातीला गप्प बसतात, मग बोटं चालतात, आणि काही आठवड्यांनी "सतरा" हे उत्तर मी विचारायच्या आत येतं. वजाबाकीचं चिन्ह फळ्यावर मी त्यानंतर काढलं.

पत्त्याच्या पानाचा एक मोठा फायदा आहे. कोपऱ्यात आकडा असतो आणि मध्ये तितकेच बदाम किंवा इस्पिक छापलेले असतात. ज्याला आकडा वाचता येत नाही तो बोट ठेवून मोजतो, आणि त्याला कुणी हसत नाही, कारण समोरचाही तेच करत असतो. आकडे इंग्रजी असतात हे खरं. मराठी माध्यमाच्या मुलाला दोन्ही प्रकारचे आकडे ओळखू यायलाच हवेत, त्यामुळे मला ती अडचण वाटत नाही. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातल्या गीता रमणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना अशाच तुलनेच्या पत्त्यांचा खेळ खेळवून पाहिला, आणि लहान-मोठी संख्या ओळखण्यात ती मुलं सुधारली. निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं तेव्हापासून आपण सगळेच संख्याज्ञानाच्या तक्त्यांमध्ये बुडालोय. संख्यांची तुलना त्या तक्त्यात आहेच. ती कशाने करायची, एवढाच प्रश्न.

आता माझी स्वतःची तक्रार. हा खेळ निव्वळ नशिबाचा आहे. पान उलटलं, मोठं निघालं, जिंकला. पहिलीत मला हे चालतं, किंबहुना हवंच असतं, कारण वर्गात नेहमी मागे राहणारं पोर इथे हुशार पोराला हरवू शकतं आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पण दुसरीत नुसतं नशीब पुरत नाही. मुलाला काहीतरी ठरवायला मिळालं पाहिजे. म्हणून आम्ही दोन बदल केले.

पहिला बदल दशक-एककाचा. दश्श्याही बाहेर काढायच्या, ३६ पानं राहतात, प्रत्येकाला १८. पाटीवर दोन घरं आखायची, दशक आणि एकक. पहिलं पान उलटलं की ते कुठल्या घरात ठेवायचं हे तिथल्या तिथे ठरवायचं आणि मगच दुसरं पान उलटायचं. एकदा ठेवलेलं पान हलवायचं नाही. मोठी संख्या जिंकणार. बरोबरी झाली तर चारही पानं पुढच्या कुस्तीच्या विजेत्याला. नव्वी आली तर कुणीही दशकात ठेवेल. पण पंजी आली तर? उरलेल्या ३५ पानांत तिच्यापेक्षा मोठी १६, लहानही १६ आणि सारखी ३. छक्की असेल तर मोठी १२ आणि लहान २०. हे मी मुलांना सांगितलेलं नाही. पण एक पोरगा एकदा जोडीदाराला म्हणाला, "छक्की वर ठेव की लेका, तिच्यावर तीनच जाती हाईत, सत्ती, अठ्ठी, नव्वी." संभाव्यता हा शब्द त्याला अजून कित्येक वर्षं भेटणार नाही.

इथेच आपल्या मराठीची जुनी अडचण उघडी पडते. सत्ती दशकात, तिर्री एककात, आणि पोर म्हणतं "सदतीस". आपण आधी एकक बोलतो आणि नंतर दशक, लिहितो मात्र उलट. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात बालभारतीने 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. विधानसभेत विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना ते पुन्हापुन्हा समजावून सांगावं लागलं. मला 'त्र्याहत्तर' हा शब्दही हवा आहे आणि 'सत्तर तीन'ही. कारण कुस्तीत समोरचा बावन्न घेऊन बसलेला असतो आणि तुम्ही त्र्याहत्तरला सदतीस म्हणालात तर तो लगेच म्हणणार, "बावन्न मोठे, आण इकडं!" मग भांडण होतं, दोघं पाटीकडे बघतात, "सत्तर आणि तीन हाईत की हे," आणि पानं परत फिरतात. लाल शाईने केलेल्या माझ्या दुरुस्त्यांनी जे झालं नाही ते अशा भांडणांनी झालं.

दुसरा बदल मला सावंतवाडीने सुचवला. घाट उतरून तिकडे गेलात तर राजवाड्यात गंजिफा जरूर बघा. गोल, हाताने रंगवलेली, लाखेचा लेप दिलेली पानं. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० पानं असतात, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं, म्हणजे राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. त्यातली गंमत अशी की पाच अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान, तर उरलेल्या पाचांत क्रम उलटा, एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यात खाली. हे वाचल्यावर मी बाजूला पडलेले राजा-राणी-गुलाम परत आणले. ती १२ पानं म्हणजे पंच. त्यांचा वेगळा गठ्ठा मध्ये उपडा ठेवायचा. प्रत्येक कुस्तीआधी एक पंच उलटायचा. लाल निघाला तर मोठं पान जिंकणार, काळा निघाला तर लहान. पंच संपले की पिसून परत. पहिले दोन दिवस सगळे चुकतात. मीसुद्धा चुकले. "लहान" आणि "मोठे" हे शब्द मुलं सवयीने बोलत होती, आता त्यांना बोलण्याआधी थांबावं लागतं.

आता त्या आईकडे येते.

तिच्या मुलीने घरी जाऊन सांगितलं होतं, "आज मी पत्त्यात जिकलो." (मुलगी असून 'जिकलो'. आमच्याकडे पोरी अशाच बोलतात, बाहेरच्या वाचकांनी गोंधळू नये.) मी आईला माझी सगळी तयार उत्तरं दिली. की मे महिन्याच्या सुट्टीत भिकार-सावकार, बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन आपण सगळेच खेळलोय. की जुगार पैसे लावल्याने होतो, पानाने नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलंय, हेही मी सांगितलं. आज ते आठवलं की मला लाज वाटते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या घरात पत्त्याचं एक पान न्हाई, बाई. उसाचं बिल सगळं मोबाईलवरच्या रमीत गेलं. कोर्ट काय म्हणतंय ते मालकांनीबी मला सांगितलंतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तिच्या घरचं बिल त्याच्या आधीच गेलं होतं.

माझं मत तरीही तेच आहे. वर्गात पत्ते हवेत. उलट त्या आईचं ऐकल्यावर ते जास्त पक्कं झालं. तिच्या मुलीला पत्त्याचं पान पहिल्यांदा कुठे भेटावं? माझ्यासमोर, जोडीदार डोळ्यांपुढे बसलेला, पानं मोजलेली, हरलं तर फक्त हरणं, असं भेटावं, की पुढे कधीतरी एकटीला मोबाईलच्या पडद्यावर? पण चूक माझीही होती. पालकांना आधी सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं नव्हतं. पत्ते या शब्दाने कुणाच्या घरात काय होतं हे आपल्याला वर्गातून दिसत नाही.

मी तिला शनिवारी सकाळी वर्गात बसायला बोलावलं. ती आली. पानांना हात लावला नाही, मुलीच्या मागे बसून तासभर बघत राहिली. जाताना म्हणाली, खेळ चांगला आहे, पण माझ्या पोरीला ही पानं नकोत. मग मी जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर आकडे आणि ठिपके काढले, ४० पानं. ती मुलगी आता त्याच पानांनी खेळते. जिची तिच्याशी जोड लागते तीही तिच्याबरोबर पत्रिकेचीच पानं घेते. काही दिवसांनी बाकीची पोरं "आम्हालाबी पत्रिकेची पाहिजेत" म्हणायला लागली, कारण त्यातल्या काहींच्या मागे गणपती आहे आणि गणपतीचं पान म्हणे जिंकतं. त्यावरून नवीनच भांडण. उपड्या पानांमागचा गणपती ओळखू येतो म्हणजे पान आधीच कळलं, हा नियमभंग आहे की नाही? वर्गाने मतदान घेतलं आणि सगळ्या पानांच्या मागे खाकी कागद चिकटवायचं ठरलं. कागद त्या आईने आणून दिला.

तुम्ही सुरू करणार असाल तर कॅट विकत आणू नका. घराघरांत अर्धवट कॅट पडून असतात, दोन-तीन एकत्र केले की ४० पानं जमतात. कॅट कमी पडले तर लाल पानं एका जोडीला आणि काळी दुसऱ्या जोडीला द्या, डाव लवकर संपतो एवढंच. पालकांसाठी चार ओळींची चिठ्ठी आधी पाठवा. आणि रोज शेवटी पानं मोजून घ्या. आमची इस्पिक नव्वी दोन दिवस सापडत नव्हती, ती एका दप्तरात चपातीच्या डब्याखाली निघाली. "मोठी हाय म्हणून ठेवली, बाई," असं कारण मिळालं.