ड्रायर बंद पडला तर

पावसाळा लागला की आमच्या भुईगावात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओलसरच. त्यात वॉशिंग मशीनचा ड्रायर बंद पडला, की घरोघरी एकच वाक्य: "तू हात लावू नकोस!" का बरं? मिक्सर अडला तर आपणच बघतो ना?

महिला मंडळात मी सांगते, मैत्रिणींनो, आधी प्लग काढा. कपडे एका बाजूला गोळा झालेत का, ते पाहा. टब हाताने फिरवा. अडखळला तर खाली मोजा किंवा रुमाल गेलेला असू शकतो. झाकण नीट लागलं नाही, तर त्याखालचा स्विच मोटर सुरूच होऊ देत नाही. मोटर नुसती गुणगुणत असेल, तर ब्रेकची तार किंवा कपॅसिटर बिघडलेला असू शकतो. इथे मात्र थांबा. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. ते काम मेकॅनिकचंच.

त्याच्याकडून बदललेला जुना भाग आणि पावती मागून घ्या. फसवणूक वाटली, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टलही सुरू केलं. पण हक्क मागायचा, तर बिघाड काय हे आधी आपल्याला कळायला हवं. रोज मशीन चालवते तिलाच ते कळू नये, हे कसं चालेल?