विश्लेषण : चरित्रातून बोध पुरे, निर्णय शिकवा!

दहावीचा निकाल लागला की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना काही दिवसांत ठरवावे लागते : विज्ञान, वाणिज्य, कला की आयटीआय? अकरावीच्या ऑनलाइन अर्जात १० कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम भरता येतो. पण पसंती ठरवायची कशी, हे शाळेत क्वचितच शिकवले जाते. ते शिकवण्याचे साधन शाळेच्या ग्रंथालयातच असते : आत्मचरित्रे.

मग अडते कुठे?
आत्मचरित्रातला उतारा शिकवून झाला की प्रश्न येतो, ‘यातून काय बोध मिळतो?’ उत्तरही ठरलेले : जिद्द, चिकाटी, परिश्रम. शेवट माहीत असल्याने थोरांचा प्रत्येक निर्णय बरोबरच वाटतो. निर्णय घेताना त्यांना मात्र तो शेवट माहीत नव्हता, हे मुलांपर्यंत पोहोचतच नाही.

वाचायचे कसे?
अब्दुल कलाम यांचे ‘अग्निपंख’ घ्या. बीएस्सीला प्रवेश घेताना उच्च शिक्षणाचे इतर पर्याय त्यांना माहीत नव्हते. पदवीनंतर कळले, भौतिकशास्त्र हा आपला विषय नाही. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बहिणीने सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. पुढे हवाई दलाच्या निवडीत जागा ८ आणि कलाम नववे! इथे पुस्तक मिटून मुलांना विचारावे : त्यांच्यापुढे आता कोणते पर्याय होते? बांगड्या गहाण पडल्या तेव्हा जोखीम कोणाची होती?

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ दुसरी बाजू दाखवतात. १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. निर्णय त्यांचा, ताटातूट लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. त्यांनी स्वतः तो धर्म स्वीकारला तो काही वर्षांनी, मन वळल्यावर. एकाच्या निवडीची किंमत दुसऱ्याला कशी मोजावी लागते, हे यातून कळते.

शिक्षकांनी काय करावे?
निर्णयाच्या वळणावर वाचन थांबवावे. ‘तुम्ही काय केले असते आणि का?’ हे दोन ओळींत लिहून घ्यावे, मगच पुढचे पान उलटावे. गुण द्यायचेच तर कारणांना द्यावेत, उत्तराला नव्हे.

‘बाबांना मी डॉक्टर व्हायला हवी आहे, मला नाही व्हायचे,’ असे भर वर्गात बोलणे मुलीला जड जाते. कलामांच्या बहिणीच्या बांगड्यांविषयी मात्र ती मोकळेपणी बोलू शकते. घरच्या बोलण्याची तयारी तिथूनच सुरू होते. म्हणून हे वाचन नववीतच व्हायला हवे. निकालानंतर त्यासाठी वेळ उरत नाही.